अडीच महिन्याच्या डोसाला न्यावं का नको?

दीड महिन्याचा लसीचा डोस झाला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. केज तालुक्यात माहेरी आलेली एक बाळंतीण आईला घेऊन आली होती. तीन सुया एकदम, मग रात्रभर किरकिर. आजी म्हणाली, "मॅडम, एवढ्याशा मांड्या, लेकरानं किती सोसावं?"

आजीचं चूक नव्हतं. तान्ह्याला दुखतंच. नवजात बाळाला मोठ्यांसारखं दुखत नाही, असं १९८०च्या दशकापर्यंत कितीतरी डॉक्टर धरून चालत. १९८७ साली डॉक्टर के. जे. एस. आनंद यांच्या लेखानं तो समज हलवला. आज्यांना ते आधीच माहीत होतं, तो भाग वेगळा.

मी विचारलं, सुई देताना लेकरू कुणाकडं होतं? मावशीकडं. टेबलावर उताणं, पाय दाबून धरलेले. आई बाहेर ओट्यावर, कानावर हात ठेवून. "मला बघवतच नव्हतं."

म्हटलं, पुढच्या वेळी तूच मांडीवर घे. सुईच्या आधीच अंगावर घे, नीट ओढायला लागलं की मग सिस्टरला सुई द्यायला सांग, नंतरही पाजत राहा. "अन् ठसका लागला म्हणजे?" आजी. रडताना तोंड सोडलं तर सोडू द्या, पुन्हा लावा. सुईच्या वेळी अंगावर पाजायचं, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सुचवलंय. लेकीची अडचण वेगळीच होती: अंगणवाडीत चारचौघांत पाजायचं कसं? सिस्टरला आधी सांगून कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून, वरून ओढणी घेऊन बसायचं ठरलं.

रोटाचे, म्हणजे जुलाबाच्या लसीचे, थेंब गोड असतात, ते सुईआधी द्यायला सांगायचं. मध मात्र वर्षाच्या आत बोटभरही नको. टोचलेली जागा चोळायची नाही, तापाचं औषध आधीच पाजून न्यायचं नाही. ताप आला तर सिस्टर सांगेल तेवढंच द्यायचं. तीन तासांपेक्षा जास्त एकसारखं रडलं किंवा पिणं सोडलं, तर थेट दवाखाना.

आणि अडीच महिन्याला सरकारी वेळापत्रकात सुई एकच, डाव्या मांडीत. हे ऐकूनच दोघी सैलावल्या.

अडीच महिन्याच्या डोसाला लेकरू रडलं, पण अंगावर घेतल्यावर लवकर थांबलं. आजीला थेंबांचं जास्त पटलेलं. साडेतीन महिन्याला पुन्हा तीन सुया होत्या, तेव्हा "आधी थेंब द्या बरं का" असं सिस्टरला तिनंच बजावलं.