रंग देण्याआधी छत्रीचे फोटो

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या शेतात आमच्या मूळपुरुषाची दगडी छत्री, म्हणजे समाधीवरचं खांब-घुमटाचं बांधकाम, आहे. निजामाच्या अमलात ते देशमुख होते. चौथऱ्यावर शके १७०२ कोरलेलं आहे. घुमटाचा कळस मी लहान असतानाच पडला, एका खांबाला तडाही गेलाय. चैत्रातल्या जत्रेआधी छत्री सिमेंटने लिंपून ऑईलपेंट द्यायचा, असं भावकीने ठरवलंय. मला मोबाईलवर तिचं थ्रीडी मॉडेल करून ठेवायचं आहे. सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवांच्या समाधीवरून नमुना घेऊन कळसासकट मॉडेल पूर्ण केलं तर चालेल का?
– एक वाचक, ता. जाफराबाद, जि. जालना

उत्तर : दादा, सगळ्यात आधी भावकीला थांबवा. फोटो होईपर्यंत रंगाचा डबा उघडू देऊ नका.

माझं आजोळ औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि तिथली गढी बसली. माझ्याकडे तिचा एकच फोटो आहे, मामांच्या लग्नातला. वऱ्हाडाच्या मागे दरवाजा आणि अर्धा बुरूज दिसतो. पुढे मी फोटोंवरून थ्रीडी मॉडेल करायचं काम शिकले तेव्हा आधी तोच फोटो घेऊन बसले. त्यातून काही निघालं नाही. दगडाचा एकच कोपरा निदान दोन वेगळ्या जागांवरून टिपलेला असेल, तरच तो किती लांब आहे हे गणिताने काढता येतं. तुमची छत्री अजून उभी आहे. तिचे दोनशे-तीनशे फोटो काढा.

सूर्य वर यायच्या आधी किंवा ढगाळ दिवशी जा. आपल्याकडच्या काळ्या पाषाणावर ऊन पडलं की एक बाजू पांढरी फटक आणि दुसरी कोळशासारखी येते. दगड ओला असतानाही नको, तो चमकतो. छत्रीभोवती प्रदक्षिणा घालत दर पावलाला एक फोटो घ्या. आधीच्या फोटोतला दोन तृतीयांश भाग पुढच्यात आलाच पाहिजे. एका जागी उभं राहून नुसती मान वळवून काढलेले फोटो कामाचे नाहीत; पाय हलले पाहिजेत. झूम आणि फ्लॅश बंद. एक फेरी गुडघ्याच्या उंचीवरून, एक छातीच्या, एक डोक्यावर हात करून. मग आत शिरून खांब आणि घुमटाची आतली बाजू.

घुमटावर मात्र चढू नका. जर्मनीत आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर १८५८ साली वेट्झलारच्या चर्चची मापं घेताना उंचावरून पडता पडता वाचला आणि फोटोवरून मापं काढायची कल्पना त्याला तिथे सुचली. तुम्ही मोबाईल लांब वेळूच्या काठीला घट्ट बांधा, टायमर लावा आणि वरचे फोटो खालूनच घ्या.

माप विसरू नका. नुसत्या फोटोंवरून छत्री दहा फुटांची की दहा इंचांची, हे संगणकाला कळत नाही. चौथऱ्यावर खडूच्या दोन खुणा करून टेपने बरोबर दोन मीटर अंतर मोजा आणि त्या खुणा फोटोत येऊ द्या. दोन खांबांमधलं अंतरही वहीत लिहा. मॉडेलमध्ये ते जुळलं तर काम बरोबर झालं. कोरलेल्या अक्षरांवर मात्र खडू, भस्म, तेल काही चोळू नका. अंधार पडल्यावर एका बाजूने बॅटरीचा तिरपा उजेड टाका. दुपारी न दिसणाऱ्या रेघाही उठून येतात.

फोटो जुळवून मॉडेल करायला मेशरूम हे मोफत सॉफ्टवेअर आहे, पण त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक लागतो. तालुक्याला व्हिडिओ मिक्सिंग करणाऱ्याकडे बहुधा मिळेल. मूळ फोटो दोन ठिकाणी जपा, व्हॉट्सॲपवरून पाठवू नका. तिथे त्यांचा बारकावा जातो.

भावकीला हेही सांगा : सिमेंट आणि ऑईलपेंटने जुन्या चुन्याच्या बांधकामातली ओल आत कोंडते आणि पुढे तिथलाच दगड फुटायला लागतो.

आता कळसाचं. लखुजी जाधव १६२९ साली देवगिरीवर मारले गेले. तुमची छत्री शके १७०२ ची, म्हणजे १७८० च्या सुमाराची. मधे दीडशे वर्षं आहेत. तो नमुना इथे बसवू नका. मॉडेलमध्ये कळसाची जागा मोकळी ठेवा, तडाही तसाच दिसू द्या. तुमची नातवंडं ते मॉडेल उघडतील तेव्हा आजोबांनी पाहिलेली छत्रीच त्यांना दिसायला हवी.

पण पडलेला कळस गेला कुठे? असा घडीव दगड शेतकरी सहसा फेकून देत नाही. बांधात बघा, विहिरीच्या काठावर, गोठ्याच्या पायरीला बघा, म्हाताऱ्या माणसांना विचारा. सापडला तर धुऊन, वाळवून, स्टुलावर ठेवून त्याचेही चहूबाजूंनी साठेक फोटो घ्या. त्याच्या तळाचं माप घुमटाच्या माथ्याशी जुळलं, तर तो मॉडेलमध्ये बसवायला मी स्वतः मदत करेन.