जुन्या मॅसी ३५ ट्रॅक्टरचा क्लच ओझ्याखाली घसरतो आणि सीट डुलते. आधी काय करावं?

ट्रॅक्टर उघडण्याआधी क्लच पेडलचा फ्री प्ले, म्हणजे दाबताना सुरुवातीची मोकळी हालचाल, बघा. पाऊण-एक इंच मोकळं नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) सतत क्लचच्या बोटांना, म्हणजे लिव्हरना, टेकून राहतं आणि चांगली क्लच प्लेटही घसरते. नुसतं पेडलचा रॉड अ‍ॅडजस्ट करूनही काम भागतं.

नाही भागलं तर ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागेल, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं करावं लागेल. त्याआधी पुढच्या अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोका, नाहीतर इंजिन एका अंगाला कलंडतं. प्लेट रिव्हेटच्या डोक्यापर्यंत घासली असेल तर बदलाच. प्लेट तेलकट असेल तर मात्र आधी क्रँकचं मागचं आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं ऑइल सील बदला. नुसती नवी प्लेट महिन्याभरात पुन्हा भिजेल. फ्लायव्हीलवर (इंजिनमागचं जड चाक, ज्यावर प्लेट दाबली जाते) नख अडकेल एवढ्या चरी असतील तर लेथवर घासून घ्या. रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलच्या मधलं पायलट बेअरिंग त्याच वेळी नवीन टाका, स्वस्तात पडतं. क्लचची तिन्ही बोटं एकाच उंचीला हवीत, नाहीतर क्लच थरथरतो.

सीट डुलते ती बहुतेक बोल्टचं भोक लांबट झाल्याने. खालून ३ मिमी पत्रा वेल्ड करून नवं भोक पाडा. सीटखालच्या स्प्रिंगच्या पट्टीवर मात्र वेल्डिंग नको, तिथूनच तुटते.