चेहरा झाकला, गोंदण राहिलं

प्रश्न : मी नागपुरात एका खासगी नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुलींना बेडसोरचं, म्हणजे अंथरुणाला खिळून झालेल्या जखमेचं, ड्रेसिंग ऑनलाइन शिकवायला वॉर्डात मोबाइलवर व्हिडिओ काढला. पेशंट आजी मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडच्या. त्यांना विचारलं होतं, चेहराही घेतला नाही. व्हिडिओ क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून फिरत त्यांच्या नातवापर्यंत गेला. हातावरच्या गोंदणावरून त्याने आजीला ओळखलं; आता पोलिसांत जातो म्हणतो. पुस्तकाचे दोन धडे स्कॅन करून दिले, तेही चुकलं का? आणि नोकरी सोडली तर माझी रेकॉर्ड केलेली लेक्चर्स कोणाची?

उत्तर : ताई, एक विचारते. बेडसोर कुठे होता? माकडहाडाजवळ असेल आणि नितंब दिसत असतील, तर प्रकरण साधं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं 66ई कलम नेमकं शरीराच्या अशा भागांबद्दल आहे. संमतीशिवाय चित्र काढलं किंवा पुढे पाठवलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात चेहरा दिसलाच पाहिजे, अशी अट नाही.

‘विचारलं होतं’ म्हणता, पण काय विचारलं? ड्रेसिंगला हो म्हणणं वेगळं, मोबाइलला वेगळं, साठ मुलींच्या फोनवर जायला आणखी वेगळं. आपल्याकडे छिंदवाडा-बालाघाटचे पेशंट किती येतात, तुम्हाला ठाऊकच आहे. संमतीचा कागद त्यांच्या हिंदीत हवा, वाचून दाखवलेला, आणि व्हिडिओ कोण बघणार तेही त्यात हवं. इंग्रजी फॉर्मवरच्या अंगठ्याला मी तरी संमती म्हणत नाही.

आजच ग्रुपवरून व्हिडिओ काढायला लावा आणि प्राचार्यांना लेखी कळवा. मूळ फाइल मात्र पुसू नका. तक्रार झाली तर पुरावा नष्ट केल्याचा ठपका नको. नातवाला व्हॉट्सॲपवर लांबलचक माफीनामे पाठवू नका. वकिलाशी बोलून, वरिष्ठांना सोबत घेऊन समोरासमोर भेटा. राग आजीच्या अब्रूचा आहे, तो ऐकून घ्या.

धड्यांची काळजी सोडा. शिकवण्यासाठी शिक्षकाने प्रती काढायला कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात मुभा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात तेच सांगितलं. अख्खं पुस्तक टेलिग्रामवर चढवलं असतं, तर वेगळं बोलले असते.

लेक्चर्सवर कॉलेज त्याच कॉपीराइट कायद्याचं 17वं कलम दाखवेल : नोकरीत केलेलं काम मालकाचं, करारात वेगळं ठरलं नसेल तर. राजीनामा टाईप करण्याआधी नेमणूकपत्र काढून बघा.