कॉन्स्ट लावूनही केस का अडते?

प्रश्न : सर, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीसाठी भट्टीचं तापमान मोजायचा प्रोजेक्ट करतेय. ‘कॉन्स्ट इंट’ केलेला आकडा स्विचमधल्या केसला दिला की सी भाषेचा कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम) अडतो, सी प्लस प्लसचा नाही. का?
– एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : सीमध्ये कॉन्स्ट म्हणजे ‘या नावानं इथं लिहायचं नाही’, एवढंच. किंमत कंपाइल होतानाच ठरलीय, ही हमी त्यात नाही, आणि केसला तीच लागते. तुझ्या सेन्सरचंच रजिस्टर (हार्डवेअरमधली आकडा ठेवायची जागा) बघ. त्याला कॉन्स्ट आणि व्होलाटाइल (‘किंमत बाहेरूनही बदलू शकते’) दोन्ही लावता येतं: प्रोग्रॅम लिहीत नाही, पण हार्डवेअर आकडा बदलत राहतं. तो केसला कसा चालेल?

माझ्या मते एनम (पक्क्या आकड्यांना नावं देणारी यादी) वापर. डिफाइन (कंपाइल होण्याआधी नावाच्या जागी मजकूर घालणारी सोय) नको; त्याला ना टाइप, ना स्कोप (नाव कुठवर चालतं त्याची हद्द).

सी२३ या सीच्या नव्या मानकात कॉन्स्टएक्स्पर (किंमत कंपाइल होतानाच ठरवणारा कीवर्ड) आलंय, पण फक्त ऑब्जेक्टसाठी (किंमत साठवणाऱ्या व्हेरिएबलसारख्या गोष्टींसाठी), फंक्शनला नाही. नवा कीवर्ड (भाषेनं राखून ठेवलेला शब्द) आणताना मानक ठरवणारी समिती जुना कोड जपते, आणि ते मला मनापासून पटतं. सी९९ या आधीच्या मानकाला बूल (खरं-खोटं साठवणारा टाइप) हवा होता, पण कितीतरी प्रोग्रॅममध्ये ते नाव आधीच वापरात होतं. म्हणून कीवर्ड झाला अंडरस्कोर लावलेला बूल. साधा बूल कीवर्ड व्हायला सी२३ उजाडलं. जीसीसी या कंपायलरच्या १३व्या आवृत्तीपासून कॉन्स्टएक्स्पर चालतं. बोर्डाबरोबरचा कंपायलर त्याहून जुना असेल, तर एनमच लिही.