पुण्यात नवीन आलायस तर

राहायला डेक्कन किंवा सदाशिव पेठेतच बघ. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन, जागा मिळते. पण डिपॉझिट देण्याआधी पाणी किती वाजता येतं ते विचार. मी विचारलं नव्हतं, वर्षभर पहाटे उठून बादल्या भरल्या! मिसळ खायची तर नारायण पेठेत बेडेकरांकडे. गोडसर असते, कोल्हापुरी झणक्याची अपेक्षा नको. वैशाली हॉटेलात रविवारी सकाळी जाऊ नकोस, रांगेतच भूक मरेल. शनिवारवाड्यात १८२८च्या आगीनंतर तटबंदी, जोती आणि कारंजी एवढंच उरलंय. मला विचारशील तर जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर गाठ. आठव्या शतकातलं, खडकात कोरलेलं लेणं. बाहेर रिक्षांचा गोंगाट, आत गारवा. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिथेच बसायचो. केळकर संग्रहालयाला मात्र अख्खी दुपार ठेव.