अख्खी गाडी न ठोकता नुसत्या पार्टवर क्रॅशचा धक्का कसा देतात, त्याला मशीन कुठली लागते?

तुम्ही विचारलंय की सीट, बंपर, बॅटरी पॅक असले पार्ट तपासायला दरवेळी अख्खी गाडी भिंतीवर घालतात का, की त्याची वेगळी मशीन असते, ती 'किती जी'ची (जी म्हणजे धक्का गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) घ्यायची, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टला छोटं रिग बनवता येईल का. मी कंपोनंट टेस्टिंगच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे हे धक्के रोजचेच आहेत, जमेल तेवढं सांगतो, जरा लांबेल.

दरवेळी गाडी नाही ठोकत हो. प्रोटोटाइप गाडी एकदाच ठोकता येते, आणि सीटच्या रेलचा एक बोल्ट बदलला म्हणून परत नवी गाडी भिंतीवर घालायला कोण देणार? म्हणून क्रॅशमधला त्या पार्टला लागू होणारा तेवढाच तुकडा उचलायचा आणि लॅबमध्ये परत परत घडवून आणायचा.

आता ते 'किती जी'. हा प्रश्न अर्धाच आहे. किती जी आणि किती वेळ, हे दोन्ही सोबत सांगितलं तरच त्याला अर्थ येतो. क्रॅश टेस्टमधल्या डमीचं (माणसाच्या मापाच्या, सेन्सर बसवलेल्या पुतळ्याचं) नुसतं डोकं ३७६ मिलिमीटरवरून, म्हणजे दीड वीतभर उंचीवरून, पोलादी प्लेटवर सोडलं की त्यात २२५ ते २७५ जी यावे लागतात, हायब्रिड थ्री या नेहमीच्या डमीचं डोकं पास करायची टेस्टच ती आहे. आणि गाडी समोरून जोरात आदळते तेव्हा तिच्या बॉडीला असतात बहुतेक वेळा तीस-चाळीस जी, पण ते शंभरेक मिलिसेकंद चालतं. डोक्याचा धक्का दोन-चार मिलिसेकंदात खल्लास. म्हणून आकडा मोठा दिसला तरी सीट उखडायला तो काही कामाचा नाही. आमच्याकडे जी विरुद्ध वेळ या आलेखाला 'पल्स' म्हणतात आणि सगळी भांडणं त्या पल्सवरूनच होतात.

तर मशीन निवडायच्या आधी विचारायचं, क्रॅशमध्ये या पार्टचं नेमकं होतं काय? तो स्वतः चेपून एनर्जी खातो का (बंपरमागचा चेपणारा डबा म्हणजे क्रॅश बॉक्स, बंपर बीम)? की तो गाडीला घट्ट बोल्ट केलेला आहे आणि गाडी अचानक थांबल्यामुळे त्याच्यावर लोड येतो (सीट, बेल्ट, बॅटरी)? की माणूस येऊन त्याच्यावर आपटतो (डॅशबोर्ड, स्टिअरिंग, बॉनेट)? पहिल्याला एनर्जी बरोबर पाहिजे, दुसऱ्याला पल्स, तिसऱ्याला आपटणाऱ्या वस्तूचं वजन आणि वेग. इथं गल्लत झाली तर कोट्यवधीचं मशीन घेऊनही उत्तर चुकीचंच येणार.

दुसऱ्या प्रकाराचं मशीन म्हणजे स्लेड, आणि माझ्या मते या सगळ्यात तेच सगळ्यात भारी. रुळावर एक गाडा, त्याच्यावर सीट किंवा 'बक', म्हणजे गाडीची बॉडी कापून आतून जाड पोलादाने मजबूत केलेली, ती स्वतः वाकत नाही म्हणून परत परत वापरता येते. प्रत्येक टेस्टला फक्त सीट, बेल्ट, एअरबॅग, डॅशबोर्ड नवीन टाकायचे. याची मुळं विमानाच्या जगात आहेत, जॉन पॉल स्टॅप नावाचा अमेरिकन हवाई दलाचा डॉक्टर १० डिसेंबर १९५४ ला स्वतः रॉकेट स्लेडवर बसला, ताशी १,००० किलोमीटरच्या वर वेग गेला आणि १.४ सेकंदात थांबला, ४६.२ जी खाऊन जिवंत राहिला. डोळे रक्ताळले होते पण दृष्टी परत आली. आता त्या जागी डमी बसते हे बरंच आहे.

स्लेडच्या दोन जाती. जुनी म्हणजे डिसेलरेशन स्लेड, गाडा रबरी दोरांनी किंवा विंचने ओढून ५० किमी वेगाला आणायचा आणि पुढे थांबवायचा. मजा थांबवण्यात आहे. चाइल्ड सीटच्या यूएन आर ४४ नियमात (संयुक्त राष्ट्रांचे गाड्यांचे नियम, आर म्हणजे नियमाचा नंबर) पॉलियुरेथेनच्या नळ्या आहेत, गाड्याला पुढे गोलसर फुगीर डोक्याचा दांडा असतो आणि तो त्या नळीत घुसत जातो, नळी फाकते आणि गाडा ६५० मिलिमीटरच्या आसपास थांबतो. हिशोब करून बघा, ताशी ५० म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर, ६५० मिलिमीटरमध्ये शून्य व्हायचं तर सरासरी १५ जी पडतात, आणि नियमातला वरचा टप्पा २० ते २८ जी चा आहे. सीट बेल्टच्या आर १६ मध्ये तोच वेग ४०० मिलिमीटरमध्ये संपतो, म्हणून तिथं सरासरीच २४-२५ जी वर जाते. ह्या नळ्या भारी स्वस्त आणि साध्या, पण तापमान बदललं की कडकपणा बदलतो आणि त्याबरोबर तुमचा पल्सपण. काही ठिकाणी नळीऐवजी पोलादी पट्ट्या वाकवून थांबवतात, तिथं पट्ट्या कमीजास्त करून आणि पुढेमागे लावून पल्सचा आकार बसवायचा.

दुसरी जात ॲक्सेलरेशन स्लेड, हिला उलटी स्लेड म्हणा. यात गाडा आधी शांत उभा असतो आणि मग त्याला मागच्या दिशेला जोरात ढकलतात. पहिल्यांदा ऐकलं की लोकांना पटत नाही, पण विचार करा, खऱ्या क्रॅशमध्ये गाडी ५० वरून शून्यावर येते आणि माणूस ५० नेच पुढे जात राहतो, इथं माणूस जागच्या जागी आहे आणि गाडी त्याच्याखालून ५० ने मागे जाते. दोघांमधला फरक सारखाच, बेल्टला काहीच कळत नाही. फायदा असा की धक्का सुरू व्हायच्या क्षणापर्यंत डमी जशी बसवली तशीच असते, रुळावरच्या हादऱ्याने तिचा हात घसरला, मान कलली असलं काही होत नाही. जुन्या हायजी स्लेडमध्ये दाबलेल्या गॅसने पिस्टन उडतो आणि गॅस किती वेगाने सुटायचा हे एका निमुळत्या पिनचा आकार ठरवतो, म्हणजे पल्स बदलायचा तर पिन बदला. सर्वो-हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या तेलाच्या दाबाच्या स्लेडमध्ये, पल्स कॉम्प्युटरमध्ये टाकायचा आणि व्हॉल्व तो काढून देतो.

काढून देतो म्हणजे लगेच नाही. डमी सुरुवातीला सैल असते, मग बेल्ट ताणला की साधारण पन्नास-साठ मिलिसेकंदानंतर ती गाड्याला ओढायला लागते आणि पल्सचा उत्तरार्ध खाली बसतो. म्हणून आधी डमीऐवजी वजनं लावून चाचणीच्या रन घ्यायच्या, सुधारणा करायची, मग खरी टेस्ट. ब्रोशरमध्ये हे लिहीत नाहीत. आणि स्लेडला एक मोठी मर्यादा आहे, बॉडी आत येत नाही. पाय ठेवायची जागा चेपणं, दरवाजा आत घुसणं, हे साध्या स्लेडवर दिसणारच नाही, त्याच्यासाठी वेगळे जुगाड लागतात किंवा शेवटी गाडीच ठोकावी लागते.

बॅटरी पॅकचं पण स्लेडवरच. यूएन आर १०० मध्ये कारसाठी लांबीच्या दिशेने २० ते २८ जी चा टप्पा आहे, आडवा ८ ते १५. शिवाय १०० किलोन्यूटनचा क्रश आहे पण तो हळू दाबण्याचा प्रकार, त्याला प्रेस लागतो, इम्पॅक्ट मशीन नाही. टेस्ट झाल्यावर तासभर नुसतं बघत बसायचं, आग नको, स्फोट नको, गळती नको.

आता पहिला प्रकार, चेपणारे पार्ट. याला ड्रॉप टॉवर, म्हणजे दोन गाइड रेल, मधे वजन, वर न्यायचं आणि सोडायचं. यात लपवाछपवी नाही म्हणून मला आवडतं. पण उंची बघा, ताशी ५० चा वेग पाहिजे तर ९.८ मीटरवरून सोडावं लागतं, छत कुठून आणणार? म्हणून बऱ्याच ठिकाणी वेग कमी ठेवतात आणि वजन वाढवून एनर्जी भरून काढतात, किंवा आडव्या रुळावर ट्रॉली पळवतात. बहुतेक वेळा वजन वाढवणं चालतं, पण माइल्ड स्टील असेल तर सांभाळून, कारण ते जितक्या वेगाने ताणाल तितकं कडक होतं, नेहमी वापरतात त्या आकड्यांप्रमाणे ४० प्रति सेकंद स्ट्रेन रेटला (ताणण्याच्या वेगाला) त्याची यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला लागायची ताकद, साधारण दुप्पट धरतात. ॲल्युमिनियममध्ये हा परिणाम फार कमी. म्हणजे स्टीलची नळी प्रेसमध्ये हळू दाबून 'क्रॅशमध्ये पण एवढंच' म्हणणारा माणूस फसतो, ॲल्युमिनियमवाला बऱ्यापैकी सुटतो.

अलॉय व्हीलची टेस्ट पण ड्रॉपचीच, आयएसओ ७१४१. चाक १३ अंशात तिरकं लावायचं, वजन २३० मिलिमीटरवरून, आणि ते वजन म्हणजे चाकावरच्या कमाल भाराच्या ०.६ पट अधिक १८० किलो. ५०० किलो भाराच्या चाकाला ४८० किलो झालं. एका मिनिटात टायरची सगळी हवा गेली तर फेल.

तिसऱ्या प्रकारात फार वेळ घालवत नाही, तत्त्व सोपं आहे, ठरलेलं वजन ठरलेल्या वेगाने मारायचं. सीटच्या पाठीवर आणि डॅशबोर्डवर ६.८ किलोचं नकली डोकं ताशी २४.१ किमीने, आणि ८० जी च्या वर सलग ३ मिलिसेकंदापेक्षा जास्त जाता कामा नये. बॉनेटवर पादचाऱ्याचं डोकं, आर १२७ मध्ये मुलाचं ३.५ आणि मोठ्या माणसाचं ४.५ किलो, ताशी ३५ ने गनमधून सोडतात. बंपरला आर ४२ चा पेंड्युलम, वेग अवघा ताशी ४, पण पेंड्युलमचं वजन गाडीएवढं. ट्रकच्या केबिनवर कमीत कमी दीड टनाचा पेंड्युलम येतो, मोठ्या ट्रकला ५५ किलोज्यूल, तो बघायला मात्र गर्दी जमते.

मोजमाप हा वेगळाच विषय आहे. मशीन कितीही चांगलं असू दे, सेकंदाला निदान १०,००० सॅम्पल आणि बरोबर फिल्टर नसेल तर आलेख म्हणजे नुसता झाडू. लोड सेल, म्हणजे फोर्स मोजणारा सेन्सर, स्वतः घंटेसारखी वाजते आणि पहिला उंच सुळका कित्येकदा तिचाच असतो, पार्टचा नसतो. रिपोर्टमध्ये फिल्टर क्लास (कोणता फिल्टर वापरला ते) लिहिलेला नसेल तर त्यातल्या पीकवर मी विश्वास ठेवत नाही. दुसरं म्हणजे वेग उंचीवरून काढू नका, गाइडचं घर्षण थोडा खातंच, आदळायच्या जरा आधी लाइट गेट (प्रकाशकिरण अडला की वेळ नोंदणारा सेन्सर) लावा आणि खरा वेग मोजा.

तुमचं रिग. होईल, ड्रॉपचंच करा, स्लेडच्या नादी लागू नका. समजा ३० किलो वजन २ मीटरवरून, वेग सेकंदाला ६.३ मीटर, एनर्जी ५९० ज्यूलच्या आसपास. पातळ नळी ६० मिलिमीटर चेपायला पाहिजे तर तिचा सरासरी फोर्स १० किलोन्यूटनच्या जवळ हवा. म्हणून आधी तीच नळी कॉलेजच्या यूटीएमवर (ताण-दाब मोजणाऱ्या टेस्टिंग मशीनवर) हळू दाबा, सरासरी फोर्स बघा आणि त्यावरून उंची ठरवा, नाहीतर एक तर नळीला नुसता पोचा येईल किंवा वजन तळाला टेकून सेन्सर उडेल. नळीच्या वरच्या कडेला बारीक खाच किंवा आधीच थोडा दाब देऊन ठेवा, म्हणजे घडी तिथूनच सुरू होते आणि पहिला पीक आटोक्यात राहतो. सगळं मिळून २० मिलिसेकंदात संपतं, मोबाइलचा २४० फ्रेमचा स्लो मोशन त्यात चार-पाच फ्रेम देईल, बघायला ठीक, मोजायला नाही. मोबाइलचा ॲक्सेलरोमीटर तर विसराच, इथं सरासरीच ३३ जी आहेत आणि तो बहुतेक त्याच्या निम्म्याच्या आत संपतो. निदान दोनशे-पाचशे जी चा सेन्सर घ्या, वजनावर घट्ट स्क्रूने बसवा, चिकटपट्टीने नाही.

खालची प्लेट जाड आणि जड पाहिजे, टेबलावर ठेवलेलं रिग स्वतःच एनर्जी खातं आणि मग नळी फार भारी आहे असं वाटायला लागतं. दोन्ही बाजूंना वजन अडवायला ॲल्युमिनियम हनीकोंबचे (मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीचे) किंवा जाड रबराचे स्टॉप ठेवा. वजन वर असताना आडवी पिन घातल्याशिवाय कोणाचाही हात खाली जाता कामा नये, सोडायचं बटण दोन-तीन मीटर लांब, समोर पॉलिकार्बोनेटचा पडदा. वजन उसळून दुसऱ्यांदा आपटतं ते पण धरा, तो दुसरा दणका डेटात मिसळू देऊ नका. आणि पार्ट लिथियम सेल असेल तर हे कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये अजिबात करू नका, त्याला धूर बाहेर काढणारी बंद खोली आणि आगीची तयारी असलेली लॅबच लागते.