घडी आधी, मोटर नंतर

मागच्या अंकात माझ्या घडीच्या सायकलीला हलकी मोटर बसवल्याचं दोन ओळींत लिहून गेले, आणि पत्रांचा ढीग आला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. ज्यांचे प्रश्न इतरांनाही पडतील अशी चार पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : माझी सायकल 16 इंची चाकांची, तीन गिअरची, साडेअकरा किलोची आहे. जायला 9 आणि यायला 9 किमी, वाटेत एक चांगलाच चढ. मधला टप्पा रेल्वेने. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मोटर पुढच्या चाकात बसवू, मागच्या, की पॅडलपाशी?

‘लिफ्ट नाही’ हे वाचलं तिथेच माझं उत्तर ठरलं. पुढच्या चाकात, मिळेल तितकी लहान, आत गिअर असलेली हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातच (हबमध्ये) बसणारी.

पॅडलपाशी बसणारी मोटर चढावर झकास चालते, नाही असं नाही. पण ती एकटीच साडेतीन-चार किलोची, शिवाय लोंबते नेमकी तिथे, जिथे कित्येक सायकलींची घडी येऊन बसते. आणि तिचा सगळा जोर जाणार तुमच्या नाजूक चेनमधून आणि तीन गिअरच्या हबमधून. मागच्या चाकात मोटर घालायची तर तो गिअरचा हबच काढावा लागेल, म्हणजे चढावर कामाला येणारी वस्तू टाकून चढासाठी दुसरी आणायची. टायरला रोलर घासून चालणारं यंत्र सगळ्यांत हलकं. ते मी महिनाभर वापरलं. कोरड्या रस्त्यावर मजा आली. पहिल्याच ओल्या सकाळी रोलर नुसता गरगरत राहिला, मी जागच्या जागी. टायरही सोलवटला तो वेगळाच.

तुम्हाला किती ताकद लागेल? तुम्ही, सायकल आणि पिशवी मिळून 95 किलो धरू. शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी 12 किमीने जायला साधारण 210 वॅट लागतात. त्यातले 100 तुमचे पाय सहज देतात. उरले 110. म्हणजे 250 वॅट लिहिलेली, दीड-पावणेदोन किलोची मोटर पुरून उरते. युरोपीय संघासह पुष्कळ ठिकाणी कायद्याची मर्यादाही तीच आहे : 250 वॅट, आणि ताशी 25 किमीला मदत बंद. त्याहून मोठी मोटर म्हणजे जिन्यात उचलायला जास्तीचं ओझं.

आता मी कुठे फसले ते सांगते, म्हणजे तुम्ही फसणार नाही. माझ्या पहिल्या मोटरच्या कवचावर 201 असा आकडा कोरलेला होता. विकणाऱ्याने ‘ताशी 25 किमी’ सांगितलं होतं, मी त्या आकड्याकडे पाहिलंही नाही. 201 म्हणजे मिनिटाला फेरे, तेही चाक हवेत असताना. मोठ्या सायकलीच्या चाकाचा घेर 2.1 मीटर असतो, तिथे हिशोब 25 ला बरोबर येतो. माझ्या 16 इंची चाकाचा घेर शिवणकामाच्या टेपने मोजला, 1.33 मीटर भरला. 201 गुणिले 1.33, म्हणजे मिनिटाला 267 मीटर, म्हणजे ताशी 16. आणि वर माणूस बसला की तेराच्या पुढे मोटर हात वर करायची. सपाट रस्त्यावर मी तिच्या पुढे पळत होते आणि बॅटरी उगाच वागवत होते. विकणारा खोटं बोलला नव्हता, फक्त त्याने चाक विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

16 इंची चाकाला 300 च्या आसपास फेऱ्यांची मोटर घ्या. लोक घाबरतात की जास्त फेऱ्यांची मोटर चढावर दमेल. मोठ्या चाकात दमेलही. पण चाक लहान असलं की तीच मोटर रस्त्याला दीडपटीहून जास्त जोराने ढकलते, तेव्हा फेऱ्यांत गेलेला जोर घेरात परत मिळतो.

मागवण्याआधी आणखी एक माप घ्या : पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, दोन टोकांमधलं आतलं अंतर. नेहमीच्या सायकलीत ते 100 मिमी असतं. ब्रॉम्प्टन या घडीच्या सायकलीत आणि डाहॉन कंपनीच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये जेमतेम 74. शंभरची मोटर आणून फोर्क ताणून बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. तसं करू नका.

प्रश्न : बॅटरी किती मोठी घ्यावी? कमी पडायला नको म्हणून 14 अँपिअर-अवरची बघून ठेवली आहे. कधी विमानाने सायकल न्यायची झाली तर ती चालेल का?

‘कमी पडायला नको’ या एका वाक्याने घडीच्या सायकलींचं जितकं वजन वाढवलं आहे तितकं मोटरींनीही वाढवलं नसेल.

हलकी मदत घेत, स्वतःही पॅडल मारत गेलात तर किलोमीटरला 7-8 वॅट-अवर जातात. 36 व्होल्टची बॅटरी म्हणजे 3.6 व्होल्टचे दहा सेल एकापुढे एक. अशा दोन ओळी घेतल्या की वीस सेल झाले. साडेतीन अँपिअर-अवरचे चांगले 18650 सेल (बोटाएवढे गोल लिथियम सेल) असतील तर दोन ओळींचे 7 अँपिअर-अवर, त्याला 36 व्होल्टने गुणा, म्हणजे सुमारे 250 वॅट-अवर. तीसेक किलोमीटरची सोय. सेलचं वजन किलोभर, वेष्टण आणि बीएमएस धरून दीड. बीएमएस म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारी आतली पाटी, ती नसलेली बॅटरी फुकट मिळाली तरी घेऊ नका. रोज वीस किमीच्या आत जाणाऱ्याला 14 ची गरज नाही. पल्ला खरोखरच लांब असेल तर 7 च्या दोन घ्या आणि दुसरी लागेल त्याच दिवशी बाहेर काढा.

बॅटरी फ्रेमला घट्ट बांधू नका. पुढच्या पिशवीत ठेवा. पुढच्या चाकावर वजन आलं की चढावर ते घसरत नाही, आणि जिन्यात ओझं दोन हातांत वाटलं जातं. माझ्या लगेजच्या काट्यावर सायकल साडेअकराची साडेतेरा झाली, पिशवी दीड किलोची वेगळी. एका हातात पंधरा किलो आणि दोन हातांत मिळून पंधरा किलो यांतला फरक माझ्या गुडघ्याला विचारा.

विमानात नाही. 100 वॅट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी सोबत नेता येते, 160 पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने. आकडा वेष्टणावर लिहिलेला धरतात, त्यामुळे घरून रिकामी करून नेण्यात काही हशील नाही. सायकल न्या, बॅटरी घरी ठेवा. महिनाभर पडून राहणार असेल तर निम्मी भरून ठेवा. काठोकाठ भरून नको, संपवूनही नको.

प्रश्न : मोटर बसवून दोन महिने झाले. घडी घालून उलगडली की कधीकधी मोटर नुसती थरथरते, चाक फिरत नाही. कनेक्टर हलवला की चालू होते. कंट्रोलर बदलू का?

थांबा, अजून पाना हातात घेऊ नका. कंट्रोलर म्हणजे बॅटरीची वीज मोटरला हिशोबाने देणारी पेटी. घडीनंतरच होतं म्हणताय, तर संशयित बहुधा केबल.

मोटरच्या केबलमध्ये सहसा नऊ तारा असतात. तीन जाड, त्यांतून ताकद जाते. बाकीच्या केसासारख्या बारीक. त्यांतल्या पाच जणी चाक आत्ता कुठे आहे हे कंट्रोलरला सांगतात, एक वेग मोजते. या पाचांतली एक जरी तुटली तर कंट्रोलरला पुढचं पाऊल कळत नाही, आणि मोटर थरथरत उभी राहते.

आधी कनेक्टर उघडा. दोन्ही भागांवर बाण असतात, ते समोरासमोर न धरता दाबला की पिन वाकते. पिना सरळ असतील तर केबलवर या. बॅटरी काढा, आणि बिजागरीच्या दोन्ही बाजूंना वीतभर केबल नखाने सावकाश चाचपत जा. डोळ्यांना दिसणार नाही. माझ्या केबलवर बिजागरीपासून दोन बोटांवर एक चकचकीत चपटा डाग होता, उंदराने दात लावून सोडून द्यावा तसा. वरचं काळं आवरण धड होतं, आतली हिरवी तार तुटलेली.

कंट्रोलरवर शंका उरलीच तर पुढचं चाक उचला आणि उलटं फिरवा. गिअरची हब मोटर सुलटी मोकळी फिरते, त्यामुळे सुलटं फिरवून काही कळत नाही. उलटं फिरवताना थोडा अडथळा असतोच. पण अडकत-अडकत, झटके देत फिरलं तर कनेक्टर सोडून पुन्हा फिरवून बघा. आता हलकं झालं तर कंट्रोलर गेला. तसंच जड राहिलं तर बिघाड केबलमध्ये किंवा मोटरमध्ये, आणि नवा कंट्रोलर आणून उपयोग नाही.

नवी केबल टाकाल तेव्हा घडी पूर्ण घालून, मग झिप टाय ओढा. बिजागरीच्या बाहेरच्या अंगाने सैलसर कमान सोडा. मोटरमधून केबल ज्या बाजूने निघते ती बाजू घडीत बाहेर यायला हवी. आत गेली तर रोज चेंगरणार. बहुतेक जण सायकल उलगडलेली ठेवून, नीटनेटकी दिसावी म्हणून केबल ताणून बांधतात. मीही तेच केलं होतं.

जाता जाता, तुम्ही विचारलं नाही तरी : आसाचे नटही बघून घ्या. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा आस मागे फिरू पाहतो. नट सैल असला तर फोर्कच्या टोकाच्या ज्या खाचेत आस बसतो तीच खाच तो खातो, आणि ॲल्युमिनियमचा फोर्क आधी वाकून इशारा देत नाही, तुटतोच. आस धरून ठेवणारी पोलादी पट्टी, म्हणजे टॉर्क आर्म, एका बाजूला तरी हवीच. खाचेभोवती उंचवटा असेल तर त्यात बसेल असा वॉशर घाला, नाहीतर नट काठावर टेकतो आणि घट्ट झाल्यासारखा वाटतो. पहिले पंधरा दिवस रोज पाना लावून पाहा. तो पाना पिशवीतच राहू द्या, पंक्चर झालं तर त्याच्याशिवाय चाक निघणार नाही.

प्रश्न : पॅडल मारायचा कंटाळा येतो. हँडलला थ्रॉटल लावलं तर चालेल ना?

बऱ्याच ठिकाणी पॅडल न मारता चालणारं वाहन कायद्याने सायकल राहत नाही, तेव्हा तुमच्याकडचा नियम आधी बघा. मी लावलं होतं, दीड महिन्यात काढलं. एकदा रेल्वे यायच्या घाईत बॅटरी न काढताच घडी घातली आणि हँडलजवळ धरून सायकल उचलली. अंगठा नेमका थ्रॉटलवर पडला. पुढचं चाक जिवंत झालं आणि नडगीवरची कातडी घेऊन गेलं. आता घडी घालायच्या आधी बॅटरीची पिशवी खांद्याला असते, आणि हँडलवर ब्रेक, घंटी आणि गिअर एवढंच.